उजेडाचा मोजणीदार : आल्बर्ट मायकेलसन

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने पदार्थविज्ञानातल्या माणसावर लिहावे, हे आमच्या काही मित्रांना चमत्कारिक वाटले. शिवाजी, टिळक, शेक्सपिअर किंवा निदान लिंकन असे विषय हाताशी असताना हा मायकेलसन कोठून काढला, असे त्यांनी मला विचारलेही. त्याला माझे उत्तर एवढेच, की ज्या माणसाने आयुष्याची पन्नास वर्षे एकाच गोष्टीची मोजणी करण्यात घालवली आणि त्या मोजणीतून जे निघाले ते त्याला स्वतःला कधीच मनापासून पटले नाही, तो माणूस मला एखाद्या शोकांतिकेच्या नायकाइतकाच जवळचा वाटतो. त्याची यंत्रे समजून घेताना मला कष्ट पडले, हे खरे. पण ते कष्ट वाया गेले नाहीत, असे वाचकांनाही वाटेल अशी आशा आहे.

आल्बर्ट अब्राहम मायकेलसनचा जन्म १९ डिसेंबर १८५२ रोजी स्ट्रेल्नो या गावी झाला. हे गाव त्या वेळी प्रशियाच्या राज्यात होते, आज ते पोलंडमध्ये आहे. घर ज्यू, बाप सॅम्युएल लहानसा व्यापारी. पोर दोन-तीन वर्षांचे असतानाच या कुटुंबाने अमेरिकेची वाट धरली. कॅलिफोर्नियात तेव्हा सोन्याची धूम होती. बापाने हाती कुदळ घेतली नाही, सोने खणणाऱ्यांना लागणारा माल विकण्याचे दुकान काढले. मर्फीज कॅम्प ही खाणकामगारांची वस्ती, आणि नंतर नेवाडातले चांदीच्या खाणींचे व्हर्जिनिया सिटी, अशा रासवट गावांत हे दुकान चालले. आल्बर्टला शिक्षणासाठी सॅन फ्रान्सिस्कोला ठेवले होते. तेथल्या मुख्याध्यापकांनी, ब्रॅडली यांनी, या मुलाचा हात यंत्रांवर हलका चालतो हे हेरले आणि शाळेतली शास्त्राची उपकरणे सांभाळण्याचे काम त्याला महिना तीन डॉलरवर दिले. पुढे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या पहिल्या अमेरिकन शास्त्रज्ञाची ही पहिली कमाई!

अन्नापोलिसच्या नौदल अकादमीत त्याने प्रवेश कसा मिळवला, ती हकिगत कादंबरीत शोभावी अशी आहे. नेवाडातून एकच जागा होती, ती दुसऱ्याला मिळाली. सतरा वर्षांचाही न झालेला हा मुलगा उठला आणि देश ओलांडून वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या भेटीस गेला. राष्ट्राध्यक्षांच्या अखत्यारीतल्या दहा जागा भरून गेल्या होत्या. तरी शेवटी त्याच्यासाठी एक जागा जास्तीची काढण्यात आली. आपली नाविक कारकीर्द एका बेकायदा कृत्याने सुरू झाली, असे तो पुढे हसत हसत सांगत असे. १८७३ साली तो पदवीधर झाला तेव्हा प्रकाशशास्त्रात वर्गात पहिला होता. जहाज चालवण्याच्या विषयात मात्र शेवटून मोजलेले बरे! दोन वर्षे समुद्रावर काढून तो अकादमीतच शिक्षक म्हणून परतला.

येथे त्याला त्याचे आयुष्यभराचे काम सापडले. वर्गात प्रकाशाच्या वेगाचा फूकोचा प्रयोग करून दाखवायचा होता. फूकोची कल्पना अशी : गरगर फिरणाऱ्या आरशावर प्रकाश टाकायचा, तो दूरच्या स्थिर आरशावर जाऊन परत येईपर्यंत फिरता आरसा किंचित वळलेला असतो, त्यामुळे परतलेला कवडसा मूळ जागेपासून थोडा सरकतो. सरकण्यावरून वेग कळतो. फूकोच्या प्रयोगात हे सरकणे एक मिलिमीटरदेखील नव्हते. मायकेलसनने भिंगाची जागा बदलून अंतर वाढवले, आरशांमधली वाट सुमारे सहाशे मीटर केली आणि कवडसा तेरा सेंटिमीटरांहून अधिक सरकवून दाखवला. पहिला फिरता आरसा त्याने स्वतःच्या खिशातल्या दहा डॉलरांत करून घेतला होता. पुढच्या खर्चासाठी सासऱ्यांनी दोन हजार डॉलर दिले. १८७७ साली मार्गारेट हेमिनवे या श्रीमंत घरच्या मुलीशी त्याचे लग्न झाले होते. १८७९ साली त्याने जाहीर केलेला आकडा सेकंदाला २,९९,९१० किलोमीटर असा होता. सव्वीस वर्षांच्या नौदल अधिकाऱ्याने युरोपातल्या मातब्बरांना मागे टाकले होते.

आता थोडे तत्कालीन शास्त्राविषयी. प्रकाश ही लाट आहे हे ठरले होते, आणि लाट म्हटली की ती कशात तरी उठली पाहिजे. पाण्यावाचून तरंग कसा? म्हणून सर्व विश्व एका अदृश्य, वजनरहित पदार्थाने भरले आहे असे मानले गेले आणि त्याला ईथर हे नाव मिळाले. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने धावते, तेव्हा तिच्यावरून ईथरचा वारा वाहत असला पाहिजे. तो वारा मोजावा, असे मायकेलसनच्या मनाने घेतले.

कसा मोजणार? एक नदी डोळ्यांसमोर आणा. दोन सारखेच पोहणारे आहेत, दोघेही मिनिटाला ५० मीटर पोहतात. नदी मिनिटाला ३० मीटर वाहते. एकाने शंभर मीटर रुंदीचे पात्र सरळ ओलांडून परत यायचे, दुसऱ्याने तेवढेच शंभर मीटर प्रवाहाबरोबर जाऊन प्रवाहाविरुद्ध परत यायचे. गणित केले तर पहिल्याला पाच मिनिटे लागतात आणि दुसऱ्याला सव्वासहा. जाताना मिळालेला फायदा येताना झालेला तोटा भरून काढत नाही. हे मला वहीत मांडून बघितल्याशिवाय खरे वाटले नव्हते. तर मायकेलसनने ठरवले, की प्रकाशाच्या एकाच झोताचे दोन पोहणारे करायचे, त्यांना काटकोनात दोन वाटांनी पाठवायचे आणि परत आल्यावर कोण मागे पडला ते पाहायचे.

झोत दुभंगण्याची त्याची युक्ती इतकी साधी आहे, की ती आधी कोणाला कशी सुचली नाही याचे नवल वाटावे. एका काचेवर चांदीचा इतका पातळ थर द्यायचा, की अर्धा प्रकाश आरपार जाईल आणि अर्धा परावर्तित होईल. ही काच तिरकी ठेवली की एका झोताचे दोन झोत होतात. दोन्ही टोकांना आरसे, दोन्ही झोत परत त्याच काचेवर येतात आणि एकमेकांत मिसळतात. लाटेचा उंचवटा उंचवट्यावर आला तर उजेड, उंचवटा खोलगटावर आला तर अंधार. डोळ्याला काळे-पांढरे पट्टे दिसतात. एका वाटेत लाटेच्या निम्म्या लांबीइतका, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाहूनही कमी, फरक पडला तरी उजेडाच्या जागी अंधार येतो. याच यंत्राला पुढे मायकेलसनचा व्यतिकरणमापक म्हणू लागले.

यात एक बारकावा आहे आणि मला तो सगळ्यात आवडतो. दुभंगणाऱ्या काचेला जाडी असते. एक झोत त्या काचेतून तीनदा जातो, दुसरा एकदाच. सोडियमच्या पिवळ्या, जवळजवळ एकरंगी उजेडात हे खपून जाते. पण पांढऱ्या उजेडात सगळे रंग असतात आणि काचेत तांबडा रंग निळ्याहून अधिक वेगाने चालतो. त्यामुळे एका झोतातले रंग मागे-पुढे होतात आणि पट्टे विस्कटतात. मायकेलसनने दुसऱ्या झोताच्या वाटेत तितक्याच जाडीची साधी काच घातली. दोघांना सारखाच अडथळा, तक्रारीला जागा नाही! पांढऱ्या प्रकाशाचे पट्टे दोन्ही वाटा अगदी काटेकोर समान झाल्या तरच दिसतात, म्हणून त्यांना तो कसोटीचा दगड मानी.

ही भरपाईची काच जुनी झालेली नाही. आजच्या लेसरच्या प्रयोगशाळांत प्रकाशाचे अतिशय आखूड स्पंद तयार करतात, काही फेम्टोसेकंद टिकणारे. एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचे हजार भाग करावे, त्यातल्या एकाचे पुन्हा हजार, आणि असे पाच वेळा करावे. एवढ्या अवधीत प्रकाशसुद्धा मिलिमीटरच्या जेमतेम तीन दशसहस्रांश भागाइतका पुढे जातो. असा स्पंद कोणत्या घड्याळाने मोजायचा? विजेवर चालणारे कोणतेही घड्याळ त्याच्यापुढे बैलगाडी आहे. तेव्हा त्या स्पंदालाच त्याचे घड्याळ करतात. मायकेलसनच्याच रीतीने त्याचे दोन भाग करायचे, एका भागाचा आरसा केसाहून बारीक पावलांनी मागे सरकवायचा आणि दोन्ही भाग एका खास स्फटिकात एकत्र आणायचे. दोन्ही एकाच क्षणी पोचले तर स्फटिकातून दुप्पट कंपनसंख्येचा प्रकाश जोरात बाहेर पडतो, चुकामूक झाली तर तो मंदावतो. आरसा किती सरकवल्यावर चुकामूक झाली, यावरून स्पंद किती लांब ते कळते. वेळेचे मोजमाप अंतरात होते.

येथेही तीच काचेची गोष्ट आडवी येते. आखूड स्पंद एकाच रंगाचा असूच शकत नाही. तो जितका आखूड, तितके त्यात रंग अधिक. असा दहा फेम्टोसेकंदांचा स्पंद सेंटिमीटरभर जाडीच्या साध्या काचेतून गेला, की तांबडे पुढे पळते, निळे रेंगाळते आणि स्पंद दहा पटींहून अधिक पसरतो. म्हणून स्पंदाला आकार देणारे लोक आधी त्याचे रंग पंख्यासारखे उलगडतात, प्रत्येक रंगाला हवा तेवढा उशीर लावतात आणि मग पंखा मिटतात. झोत दुभंगणारी काच शक्य तितकी पातळ ठेवतात आणि दोन्ही वाटांत काच सारखी आहे ना, हे पाहतात. १८८१ साली मायकेलसनने जे पाहिले, तेच.

त्या साली तो नौदलाची रजा काढून बर्लिनला हेल्महोल्ट्झच्या प्रयोगशाळेत होता. यंत्राचा खर्च टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलने उचलला होता. बर्लिनच्या रस्त्यावरच्या गाड्यांनी पट्टे थरथरत, म्हणून यंत्र पॉट्सडॅमच्या वेधशाळेत, तळघरात नेले. तेथेही शंभर मीटरवर कोणी पाय आपटला तरी पट्टे नाहीसे होत. तशातही मापे घेतली. ईथरचा वारा सापडला नाही. पुढे पोतिए आणि लॉरेंट्झ यांनी त्याच्या गणितातली चूक दाखवली, अपेक्षित फरक त्याने दुप्पट धरला होता. त्यामुळे पॉट्सडॅमचा निकाल कोणी फारसा मनावर घेतला नाही.

१८८२ साली तो क्लीव्हलंडच्या केस विद्यालयात प्राध्यापक झाला. शेजारच्याच वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात एडवर्ड मोर्ले हा रसायनशास्त्रज्ञ होता. वयाने चौदा वर्षांनी मोठा, धर्मोपदेशकाचा मुलगा, ऑक्सिजनचे अणुभार मोजण्यात वर्षानुवर्षे घालवणारा. मायकेलसन टापटिपीचा, अहंकारी, तापट. मोर्ले सोशिक, स्वभावाने बोलका. या दोघांचे जमले ते कामाच्या काटेकोरपणावर. १८८५ साली मायकेलसनचे मन ढासळले. कामाच्या ओझ्याने म्हणा किंवा घरच्या बेबनावाने म्हणा, त्याला उपचारासाठी न्यूयॉर्कला न्यावे लागले. पुन्हा तो संशोधन करू शकेल की नाही, याची मोर्लेला शंका होती. तो काही महिन्यांतच परतला. पण नवरा-बायकोत पडलेली भेग काही बुजली नाही. १८९८ साली घटस्फोट झाला आणि पहिल्या तिन्ही मुलांशी त्याचा संबंध जवळजवळ तुटला. त्यातला ट्रुमन पुढे अमेरिकेतल्या आदिवासींच्या भाषांचा नाणावलेला अभ्यासक झाला. भाषेच्या विद्यार्थ्यांनी हे नाव ध्यानात ठेवण्यासारखे आहे. बापाने आरशांशी जेवढी सहनशीलता दाखवली तेवढी घरात दाखवली असती तर, असा विचार मनात येतो. पण तो आपला विचार, त्याचा नव्हे.

१८८६ च्या ऑक्टोबरात केस विद्यालयाची इमारत आगीत सापडली. मोर्लेने आपल्या विद्यापीठात जागा दिली आणि तेथे, एका वसतिगृहाच्या तळघरात, तो प्रसिद्ध प्रयोग उभा राहिला. दीड मीटर लांब-रुंद आणि फूटभर जाडीची दगडी शिळा. ती लाकडी कड्यावर, आणि कडे लोखंडी पन्हळीतल्या पाऱ्यावर तरंगते. शिळेवर चारी कोपऱ्यांत आरसे, त्यांवरून झोत पुन्हा पुन्हा परतवून वाट अकरा मीटर केलेली. एकदा हलकेच ढकलले की ही अवजड शिळा सहा मिनिटांत एक फेरा या चालीने बराच वेळ आपली आपण फिरत राही. मायकेलसन डोळा दुर्बिणीला लावून तिच्याबरोबर गोल गोल चाले. शिळेला हात लावायचा नाही, थांबायचे नाही. फेऱ्यात सोळा ठिकाणी पट्ट्याची जागा सांगायची, मोर्लेने लिहून घ्यायची. १८८७ च्या ८, ९, ११ आणि १२ जुलैला, दुपारी आणि संध्याकाळी, ही प्रदक्षिणा झाली.

ईथरचा वारा असता तर पट्टा आपल्या रुंदीच्या चार दशांशाइतका सरकायला हवा होता. तो चाळिसाव्या भागाइतकाही सरकला नाही. दोन्ही पोहणारे बरोबरच काठाला लागले, नदी वाहतच नव्हती!

आज आपण याला इतिहासातला सर्वांत प्रसिद्ध नकार म्हणतो. मायकेलसनला मात्र ते अपयश वाटले. दर तीन महिन्यांनी वेगवेगळ्या ऋतूंत प्रयोग पुन्हा करण्याचे दोघांनी ठरवले होते, पण ते तसेच राहिले. तो दुसऱ्या कामाला लागला. फिट्झजेराल्ड आणि लॉरेंट्झ यांनी गतीच्या दिशेत वस्तू आखडतात असे मांडून ईथरला वाचवण्याची खटपट केली. १९०५ साली आइन्स्टाइनने ईथरची गरजच काढून टाकली. १९०७ साली मायकेलसनला नोबेल मिळाले ते अचूक प्रकाशीय उपकरणे आणि त्यांनी केलेली मोजमापे यांसाठी. ज्या प्रयोगाने त्याचे नाव अमर केले, त्यासाठी नव्हे.

दुसऱ्या कामाचेही मोल लहान नाही. पॅरिसजवळ सेव्हर येथे मीटरची मूळ धातूची पट्टी जपून ठेवली होती. ती हरवली किंवा झिजली तर जगाचे माप काय? १८९२-९३ साली तेथे जाऊन त्याने मोजले, की त्या मीटरमध्ये कॅडमियमच्या तांबड्या प्रकाशाच्या १५,५३,१६३.५ लाटा मावतात. आमच्याकडे पटवाऱ्याची साखळी ताणली गेल्याच्या तक्रारी ऐकू येतात. ही साखळी ताणली जाणारी नव्हती. १८९२ पासून तो शिकागो विद्यापीठात होता. तेथे १८९४ साली नव्या प्रयोगशाळेच्या उद्घाटनाला बोलताना, पदार्थविज्ञानाची मोठी तत्त्वे बहुधा सापडून झाली असून यापुढचे शोध दशांशाच्या सहाव्या स्थानी शोधावे लागतील, अशा आशयाचे मत त्याने मांडले. पुढच्याच वर्षी क्ष-किरण सापडले. या विधानाची पुष्कळ थट्टा झाली आहे. मला ती थोडी अन्यायाची वाटते, कारण त्याने स्वतः सारे आयुष्य त्या सहाव्या स्थानी काढले आणि जुन्या जगाला तडा गेला तो तेथेच.

१९२० च्या डिसेंबरात माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीवर वीस फुटी तुळई बसवून, तिच्या टोकांच्या आरशांनी, त्याच्या पद्धतीने पीझ आणि अँडरसन यांनी मृग नक्षत्रातल्या काक्षी या तांबड्या ताऱ्याचा व्यास मोजला. सूर्याच्या जागी तो ठेवला तर पृथ्वीची कक्षा त्याच्या पोटात जाईल! सूर्याखेरीज दुसऱ्या ताऱ्याचा आकार प्रत्यक्ष मोजला गेला तो हा पहिलाच. आणि त्याच व्यतिकरणमापकाचे चार-चार किलोमीटर हातांचे रूप अमेरिकेत उभे राहिले तेव्हा, १४ सप्टेंबर २०१५ रोजी, दोन कृष्णविवरांच्या मीलनातून उठलेली गुरुत्वलहर पकडली गेली. त्या वेळी आरशांमधले अंतर प्रोटॉनच्या रुंदीच्या हजाराव्या भागाच्या आसपास बदलले होते. अशीच एक वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथाजवळ उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली. ज्योतिर्लिंगाच्या गावाशेजारी ज्योतीचे दोन भाग करणारे यंत्र, हा योगायोग कोणी मुद्दाम जुळवलेला नसावा.

उतारवयात तो पुन्हा पहिल्या प्रेमाकडे, प्रकाशाच्या वेगाकडे वळला. त्याचा दुसरा संसार एडना स्टॅन्टनबरोबर सुखाचा झाला, तीन मुली झाल्या. धाकटी डोरोथी, हिने १९७३ साली त्याचे चरित्र प्रसिद्ध केले. तो उत्तम टेनिस खेळे, व्हायोलिन वाजवी, जलरंगात चित्रे काढी. सत्तरी ओलांडल्यावर त्याने माउंट विल्सन आणि माउंट सॅन अँटोनियो या दोन शिखरांमध्ये, पस्तीस किलोमीटरांवर, प्रकाश पाठवला. आठ बाजूंचा आरसा सेकंदाला सुमारे ५२८ फेरे घेई आणि प्रकाशाच्या झोताचे सेकंदाला चार हजारांवर तुकडे करून पलीकडच्या डोंगरावर फेकी. तुकडा परत येईपर्यंत पुढची बाजू नेमकी पहिलीच्या जागी आलेली असे. १९२६ साली आकडा आला २,९९,७९६. आज मीटरची व्याख्याच प्रकाशाच्या वेगावरून करतात, १९८३ साली तो २,९९,७९२.४५८ असा कायम झाला. तीन लाखांत चूक अवघी चारची.

एवढ्यावर तो थांबला नाही. डोंगरांमधली हवा त्याला खुपत होती. कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनच्या शेतजमिनीवर मैलभर लांबीची, माणूस रांगत जाईल एवढ्या रुंदीची लोखंडी नळी टाकून, तिच्यातली हवा काढून, तिच्यात प्रकाश पळवायचे ठरले. प्रकृती खालावली होती. १९३१ च्या जानेवारीत आइन्स्टाइन पासाडेनाला आला, दोघे भेटले. नवऱ्यापाशी ईथरचा विषय काढू नका, अशी विनंती एडनाने पाहुण्याला केली होती म्हणतात. सापेक्षतावादाचा पाया ज्याच्या शिळेवर उभा राहिला असे लोक म्हणत, तो वृद्ध अजून त्या जुन्या ईथरला निरोप देऊ शकलेला नव्हता. फेब्रुवारीत नळीतली मापे सुरू झाली. त्याला अंथरुणातून उठणे अवघड झाले होते, आकडे घरी कळवले जात. ९ मे १९३१ रोजी तो वारला.

पीझ आणि पिअरसन यांनी मोजणी चालू ठेवली आणि हजारो मापे घेऊन १९३५ साली निकाल छापला : २,९९,७७४. निर्वात नळीतला हा आकडा खऱ्या वेगापेक्षा अठरा किलोमीटरांनी कमी निघाला. म्हाताऱ्याने डोंगरावरून, उघड्या हवेतून काढलेला आकडाच अधिक बरोबर होता.